कामाची फोड

दिव्यांग व्यक्तींना काम मिळवून देणाऱ्या संस्थेत नवा उमेदवार आला की आधी त्याची फाईल उघडली जाते. तीत निदान असतं, टक्केवारी असते, बुद्ध्यंक असतो आणि ‘साधी, त्याच त्या प्रकारची कामे करू शकेल’ असा कुणीतरी कधीतरी लिहिलेला शेरा असतो. अमुक एक काम या माणसाला जमेल का, एवढंच तेवढं त्या फाईलमधून कळत नाही. ते काम समोर ठेवून, नीट शिकवून पाहिल्यावर कळतं. म्हणून ज्या संस्थांना हा धंदा खरोखर उमगला आहे, त्या फाईल लवकर मिटतात आणि कामाच्या जागी जाऊन उभ्या राहतात. त्यांचं निम्मं कसब माणूस ओळखण्यात असतं आणि निम्मं काम ओळखण्यात. दुसऱ्या निम्म्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दल.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मार्क गोल्ड नावाच्या संशोधकाने बौद्धिक अक्षमता असलेल्या ६४ तरुणांना सायकलच्या मागच्या चाकातला ब्रेक जुळवायला शिकवलं. ब्रेकचे १५ सुटे भाग, त्यांचा ठरलेला क्रम, प्रत्येक भाग बसवायची एकच योग्य बाजू. हे तरुण संरक्षित कार्यशाळांमधले, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कार्यशाळांमधले होते आणि त्यांच्याकडून कुणाचीच फारशी अपेक्षा नव्हती. गोल्डने भाग क्रमाने मांडले आणि काही जणांसाठी प्रत्येक भागाची जी बाजू जुळवताना त्यांच्याकडे यायला हवी, तेवढीच रंगवली. रंगाची खूण मिळालेले तरुण बरेच लवकर शिकले. पुढे त्यांना २४ भागांचा दुसरा ब्रेक दिला, तोही त्यांनी जुळवला. शिकणारा अडकला तर शिकवण्याची रीत बदलायची, हा गोल्डचा आग्रह. आज जगभरात जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारी माणसं, जी तंत्रं वापरतात, त्यांतली बरीचशी त्याच सुमारास तयार झाली. पन्नासेक वर्षं उलटली, तरी ‘याला एवढं जमणार नाही’ हे वाक्य काही मागे पडलेलं नाही.

कामाची फोड करायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका साध्या कामावरून पाहू. समजा, १२ बाटल्या खोक्यात भरून खोकं बंद करायचं आहे. पर्यवेक्षकाला विचारलं तर तो म्हणेल, “तीन गोष्टी आहेत. खोकं उघडायचं, भरायचं, टेप मारायची.” पण जॉब कोच स्वतः एक पाळी हेच काम करतो, तेव्हा त्याला वेगळंच दिसतं. सपाट घडी घातलेलं खोकं उचलायचं. कोपरे दाबून ते चौकोनी करायचं. तळाची दोन लहान पाती आधी आत मोडायची, मग दोन मोठी. तोवर लहान पाती उसळून वर येतात, म्हणून एक हात आतून धरून ठेवायचा. मोठ्या पात्यांची फट मधोमध आली का ते बघायचं. टेप फटीवरून ओढायची आणि दोन्ही बाजूंना चार बोटं खाली उतरवायची. खोकं उलटं करायचं. त्यानंतर बाटल्या, लेबलं एका दिशेला. म्हणजे बाटलीला हात लागायच्या आधीच सात-आठ पायऱ्या झाल्या, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. मोठी पाती आधी मोडली गेली तर तळ भार धरत नाही आणि खोकं उचलताना बाटल्या खालून निसटतात. पर्यवेक्षकाला वाटतं, याला भरता येत नाही. खरी गडबड झालेली असते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर.

फोड किती बारीक करायची हे शिकणाऱ्यावर ठरतं. एकाला आठ पायऱ्या पुरतात, दुसऱ्याला तीस लागतात. सगळं एकदम तीस पायऱ्यांत तोडायची गरज नसते. जिथे तो अडतो तीच पायरी आणखी फोडायची. फोडूनही सुटली नाही तर मग कामाची मांडणी बदलायची. बारापर्यंत मोजताना चूक होत असेल तर मोजणं शिकवण्यात महिने घालवू नयेत. बारा खळगे असलेला ट्रे द्यावा. सगळे खळगे भरले की बारा झाले. खोकं उसळत असेल तर ते ज्यात घट्ट बसेल असा लाकडी साचा टेबलावर ठोकावा. टेपची लांबी चुकत असेल तर टेबलाच्या कडेला दोन रेघा माराव्यात. असा साचा एका माणसासाठी बनतो आणि थोड्याच दिवसांत कामगारांची सगळी ओळ तो वापरू लागते, कारण त्याने प्रत्येकाचंच काम सोपं होतं. मालकाला पटवायचं असेल तर याहून चांगला मुद्दा नाही. कामाच्या जागी करायच्या अशा बदलांबद्दल अमेरिकेत १९८३ पासून सल्ला देणारी जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही सेवा मालकांची सर्वेक्षणं घेते. त्यांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त बदलांना काहीच खर्च येत नाही असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आता शिकवणं. मदतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात : हाताला हात लावून करून घेणं, करून दाखवणं, बोटाने खूण करणं, तोंडी सांगणं. तोंडी सांगणं सगळ्यांत सौम्य वाटतं, पण माझ्या मते तीच सर्वांत चिवट मदत आहे. हात काढून घेता येतो. शब्दाची सवय मात्र लागते. “हं, आता पुढचं,” असं कोच दर पायरीला म्हणत राहिला, तर शिकणाऱ्याच्या मनात ते ‘हं’ कामाचाच भाग होऊन बसतं. कोच गेला की काम थांबतं. कौतुकाचंही तेच. दर खोक्याला “छान!” म्हटलं की तो प्रत्येक खोक्यानंतर मान वर करून छानची वाट बघतो. म्हणून जाणकार कोच कामाच्या वेळी जवळजवळ गप्प असतात, शिकणाऱ्याच्या बाजूला किंवा जरा मागे उभे राहतात आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर न ठेवता हातांवर ठेवतात. चेहऱ्याकडे पाहिलं की तोही चेहऱ्याकडेच पाहतो. उत्तर तर टेबलावर असतं.

मदत मागे घेण्याचं एक साधं तंत्र म्हणजे थांबणं. सुरुवातीला पायरी आली की लगेच मदत, म्हणजे चुकायला वावच नाही. काही फेऱ्यांनंतर मदतीआधी तीन सेकंद थांबायचं, मग पाच. त्या सेकंदांत बहुतेक वेळा माणूस स्वतःच पुढे जातो. पाच सेकंद थांबणं ऐकायला सोपं वाटतं, पण नव्या कोचला ते फार जड जातं. समोरचा अडलेला दिसतो, पर्यवेक्षक बघत असतो, आणि हात आपोआप पुढे जातो.

या सगळ्याची नोंद हवी. एक कागद, उभ्या रांगेत पायऱ्या, आडव्या रांगेत फेऱ्या. स्वतः केलं तर बरोबरची खूण, मदत लागली तर कोणती ते एका अक्षरात. आठवड्याने तो कागद समोर ठेवला की सहावी पायरी सोडून बाकी सगळं येतंय हे लगेच दिसतं. कागद नसेल तर सांगितलं जातं, “अजून नीट जमत नाही,” आणि या वाक्यावर नोकऱ्या जातात. सलग तीन फेऱ्या विनामदत झाल्या की पायरी आली असं धरण्याचा प्रघात ठीक आहे. मात्र ती पायरी पाळीच्या शेवटी, थकल्यावर आणि शेजारी गोंगाट असतानाही येते का, ते पुन्हा तपासावं.

कोचकडून होणाऱ्या चुकांत सर्वांत घातक चूक चांगल्या मनाने होते. उत्पादन मागे पडतंय असं दिसलं की कोच स्वतः खोकी भरू लागतो. आकडा पूर्ण होतो, मालक खूश होतो. महिनाभराने कोच निघतो तेव्हा मालकाच्या लक्षात येतं की आपण दीड माणसाचं काम मोजत होतो. दुसरी चूक म्हणजे कोच दुभाष्या होऊन बसतो. सहकारी त्यालाच विचारतात, “याने जेवण केलं का?” “उद्या येणार ना हा?” माणूस शेजारीच बसलेला असतो. अशा वेळी कोचने उत्तर देऊ नये, मान त्या माणसाकडे वळवावी. आणि पहिल्या दिवसापासून नवं काही शिकवायचं तर ते शक्य तेवढं पर्यवेक्षकाकडून किंवा शेजारच्या कामगारातर्फे शिकवून घ्यावं; कोचने त्या सहकाऱ्याला कसं दाखवायचं ते सांगावं. पुढे आयुष्यभर तिथे राहणार आहे तो सहकारी. कोच पहिले एक-दोन आठवडे पूर्णवेळ, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून दोनदा, मग फोनवर असा मागे सरतो. पण कोणत्या दिवशी किती सरकायचं हे कॅलेंडरने नाही, त्या नोंदीच्या कागदाने ठरवायचं.

नोकऱ्या टेबलावरच्या कामामुळे क्वचितच जातात. जातात त्या भोवतालच्या गोष्टींमुळे. सुट्टीच्या वेळी कुठे बसायचं, भोंगा वाजल्यावर किती वेळात परतायचं, नेहमीची बस चुकली तर काय, आजारी असलो तर कुणाला आणि किती वाजायच्या आत कळवायचं. यांचीही तशीच फोड करून शिकवावी लागते. प्रवास तर स्वतंत्र विषयच आहे : आधी सोबत बसून, मग एक सीट सोडून, मग दुसऱ्या टोकाला, मग स्टॉपवर उतरताना फक्त लांबून पाहणं. आणि ठरलेला मार्ग एकदा मुद्दाम बदलून पाहणं, कारण रस्ता खोदलेला असण्याचा दिवस कधीतरी येतोच.

सगळ्यांनाच अशी पायऱ्यांची फोड लागत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या हिशेबनिसाला काम शिकवायची गरज नसते. त्याला हवी असते एकास बाराहून तीव्र नसलेली उतरण, खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर मोकळी जागा, टेबलाखाली गुडघे जातील एवढी उंची आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं स्वच्छतागृहाचं दार. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही. ही एक गोष्ट आधी मोजली नाही म्हणून ठरलेली नोकरी हातची जाऊ शकते. कर्णबधिर कामगारांच्या बाबतीत पहिला प्रश्न सूचनांचा असतो : आगीचा भोंगा ऐकू येत नाही, तर दिवा लुकलुकतो का, एकट्याने वापरायच्या खोल्यांतही? दुसरा प्रश्न बैठकांचा. लिहून दाखवू, असं म्हणून वेळ मारून नेली जाते. पण सांकेतिक भाषा ज्याची पहिली भाषा आहे त्याला लिखित भाषा ही परकी भाषा असू शकते, तिचं व्याकरणच वेगळं असतं. कामाच्या सूचना लिहून चालतात. नियुक्तीचा करार, तक्रार, सुरक्षेचं प्रशिक्षण यांना दुभाषी लागतोच.

अंध उमेदवारांच्या बाबतीत संस्थेने सर्वांत आधी मालकाचं सॉफ्टवेअर तपासावं. उमेदवार स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, सफाईने वापरतो. एनव्हीडीएसारखा चांगला स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो. अडतं ते दुसरीकडेच. बटणांना नावं दिलेली नसतात, तेव्हा स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ वाचतो. कागद स्कॅन करून पाठवलेले असतात, म्हणजे ती अक्षरं नसून चित्रं असतात. माउसने ओढूनच पुढे सरकणारा फॉर्म असतो. आणि सर्वांत न सुटणारा पेच दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीचा : कर्मचाऱ्याच्या संगणकावर येतं ते फक्त पडद्याचं चित्र, त्यामुळे इथला स्क्रीन रीडर मुका होतो; तो पलीकडच्या यंत्रावर बसवावा लागतो आणि त्याला मालकाच्या संगणक विभागाची परवानगी लागते. ही परवानगी रुजू होण्याच्या दिवशी मागितली तर पहिले काही आठवडे तो माणूस रिकामा बसतो, आणि ‘अंध माणसाला देण्यासारखं काम नाही’ हे मत पक्कं होतं. मुलाखतीच्या आधी, खऱ्या प्रणालीवर, अर्धा तास चाचणी घेतली की हे सगळं उघडं पडतं.

मुलाखतीबद्दलही एक. बोलण्याची परीक्षा घेऊन हातांचं काम ठरवणं अनेकांवर अन्याय करतं. डेन्मार्कमध्ये २००४ साली थॉर्किल सोन्ने यांनी स्पेशलिस्टर्ना ही कंपनी काढली, ती स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीसारखी कामं देण्यासाठी. उमेदवाराला पारखायला तिथे लेगोचे यंत्रमानव जुळवून प्रोग्राम करायला दिले गेले, कारण मुलाखतीत नजरेला नजर न देणारा माणूस तिथे काय करू शकतो ते दिसतं. कामावरची चाचणी ही कल्पना चांगली आहे. मात्र चाचणीचे तास आधी ठरवावेत आणि लिहून घ्यावेत. ‘आणखी थोडे दिवस बघू’ म्हणत महिनोनमहिने बिनपगारी राबवून घेणं हा शोषणाचा जुना मार्ग आहे, आणि त्याला संस्थांनीच नकार द्यायला हवा.

आधी प्रशिक्षण, मग तयारी, मग सराव, मग नोकरी, असा जिना बहुतेक संस्थांनी बांधलेला असतो. त्यावरच माणसं म्हातारी होतात. तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत जी पद्धत बसवली, ती या जिन्याच्या उलट आहे. ज्याला काम करायचं आहे त्याला घ्यायचं. आजार किती बरा झाला हे विचारायचं नाही. पहिल्या महिन्याभरात मालकाशी प्रत्यक्ष भेट. एका रोजगार तज्ज्ञाकडे वीसपेक्षा जास्त माणसं नाहीत. त्याने आठवड्याला किमान सहा मालकांना समोरासमोर भेटायचं. उपचार करणाऱ्या चमूत तो बसतो, म्हणजे गोळीची वेळ आणि पाळीची वेळ एकाच बैठकीत जुळवली जाते. सहा युरोपीय केंद्रांतल्या ३१२ रुग्णांचा अभ्यास २००७ साली लॅन्सेटमध्ये आला : या पद्धतीने ५५ टक्के लोकांनी काही ना काही काम केलं, नेहमीच्या पुनर्वसन सेवेत २८ टक्क्यांनी. यातली सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे भत्त्याचा हिशेब. पगार सुरू झाला की अपंगत्वाचा भत्ता किती कमी होईल, नोकरी सुटली तर तो परत किती दिवसांत मिळेल, हे आकडे कुटुंबासमोर कागदावर मांडले नाहीत, तर घरचे शेवटच्या क्षणी मागे हटतात. त्यांची भीती खरी असते. तिला उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं.

आणि आता त्या उद्योगांविषयी, जे दिव्यांग कामगारांचे स्वतःच मालक असतात. त्यांच्यापुढचा पेच फार अवघड आहे. जो कामगार सर्वांत तयार झाला, त्याने बाहेरच्या खुल्या बाजारात जायला हवं. पण तो गेला की ओळ कोसळते. त्यामुळे नकळत चांगली माणसं धरून ठेवली जातात. जर्मनीतल्या संरक्षित कार्यशाळांत सुमारे तीन लाख लोक आहेत आणि तिथून खुल्या नोकरीत जाणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी राहिलं आहे. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर दिव्यांगांना काम देणारे रेम्प्लॉयचे कारखाने निघाले, दशकानुदशकं चालले आणि २०१२-१३ मध्ये सरकारने ते बंद केले किंवा विकले. वेगळे कारखाने नकोत हे तत्त्व बरोबर होतं असं मला वाटतं. पण पुढची नोकरी हातात नसताना मागची काढून घेतली गेली, आणि पन्नाशीतल्या कामगारांना त्या तत्त्वाचा काय उपयोग?

काही ठिकाणी रचनाच वेगळी केली आहे. इटलीत त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात फ्रांको बासाल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली सहकारी संस्था उभी केली. रुग्ण तिथे साफसफाई करतच होते; ‘उपचार’ या नावाखाली, वेतनाशिवाय. सहकारी संस्थेने त्याच कामाचा करार केला आणि त्याच लोकांना कामगाराचं वेतन सुरू झालं. त्या वाटेवरून पुढे १९९१ चा ३८१ क्रमांकाचा कायदा आला. त्यातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्थेत किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात. जर्मनीतल्या समावेशक उद्योगांना खालची मर्यादा ३० टक्के आहे आणि साधारण ५० ही वरचीही. वरची मर्यादा मला महत्त्वाची वाटते. अपंगत्व नसलेले सहकारी नसतील, तर त्या जागेचा पुन्हा वेगळा वॉर्ड होतो.

कोणता धंदा निवडायचा? ‘सोपं’ म्हणून लिफाफे भरणं, पिशव्यांना दोरा ओवणं अशी कामं घेतली जातात. त्यांत नफा जेमतेम, स्पर्धा यंत्राशी, आणि शिकलेलं दुसरीकडे कुठे चालत नाही. त्यापेक्षा कपडे धुण्याचा व्यवसाय, कागदपत्रांचं डिजिटलीकरण, बागांची देखभाल, खानपान सेवा यांत कौशल्य बाहेर विकता येतं. प्रत्येक जागेवर दुसरा माणूस तयार ठेवावा, म्हणजे एकाच्या जाण्याने ऑर्डर बुडत नाही. आणि हिशेबाच्या दोन वह्या हव्यात : एक उत्पादनाची, दुसरी आधाराची. कोचचा पगार, दुभाषी, प्रवास-प्रशिक्षण हे वस्तूच्या किमतीत घातलं तर उद्योग महाग ठरतो आणि खर्च भागवायला शेवटी मजुरीला कात्री लागते. आधाराचा खर्च अनुदानातून, देणगीतून, सेवाशुल्कातून यायला हवा आणि तसा वेगळा दिसायला हवा.

मजुरीचा विषय इथेच येतो. अमेरिकेच्या १९३८ च्या वेतन कायद्यातल्या एका कलमानुसार, परवाना घेऊन दिव्यांग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी देता येतं. घड्याळ लावून मोजायचं : अपंगत्व नसलेला कामगार तासाला १०० नग करतो, हा ४० करतो, तर याला ४० टक्के. मोजमाप अचूक दिसतं, पण त्यात साचा मोजला जात नाही, शिकवलं की नाही ते मोजलं जात नाही, काम त्या माणसाला जुळणारं होतं का तेही नाही. मोठ्या पात्यांआधी लहान पाती मोडायची हे कुणी दाखवलंच नसेल, तर ते चाळीस नग कोणाचे? न्यू हॅम्पशायरने २०१५ मध्ये आपल्या राज्यात ही पद्धत कायद्याने बंद केली, मग इतर राज्यंही निघाली.

स्वीडनच्या सामहाल या सरकारी कंपनीत बाहेर जाणाऱ्यांसाठी एक तरतूद आहे : बाहेरची नोकरी जमली नाही तर वर्षभराच्या आत परत येता येतं. घरच्यांना हे सांगता आलं की निम्मा विरोध गळून पडतो. पण परत येण्याची वेळच येऊ नये यासाठी करायचं काम त्याहून साधं आहे आणि तेच सर्वाधिक टाळलं जातं. नोकरी लागल्यावर तीन महिन्यांनी फाईल बंद होते, कारण निधी देणाऱ्याचा अहवाल तिथे संपतो. धोक्याचे दिवस नंतर येतात : पर्यवेक्षक बदलतो, यंत्र बदलतं, पाळी बदलते, बसचा मार्ग बदलतो, घरात कुणी आजारी पडतं. त्या प्रत्येक वेळी जुनी फोड निरुपयोगी होते आणि काही पायऱ्या पुन्हा शिकवाव्या लागतात, बहुधा दोन-तीन दिवसांचं काम. म्हणून मालकाकडून पहिल्याच करारात लिहून घ्यावं, की यातलं काही बदलणार असेल तर आठवडाभर आधी संस्थेला फोन करायचा. आणि नवा पर्यवेक्षक आला की नोंदीचे कागद आणि साच्याचं माप त्याच्या हातात द्यायला कोचने स्वतः जायचं.